ऊब लागताच ताठ होणारा धातू

शीर्षक वाचून विज्ञान शाखेचे मित्र म्हणतील, हा जमाखर्च लिहिणारा गृहस्थ आमच्या आवारात कशाला शिरला? प्रश्न रास्त आहे. दहावीनंतर पदार्थविज्ञानाशी माझा संबंध सुटला तो सुटलाच. तो पुन्हा जोडला गेला माझ्या आजोबांच्या आंघोळीमुळे.

गेल्या वर्षी आजोबांच्या मांडीतील रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे निदान झाले. शंभर पावले चालले की पोटरीत गोळा येई, थांबले की बरे वाटे. डॉक्टरांनी वाहिनीत जाळीची एक नळी बसविली. घरी सोडताना तेथील परिचारिकेने आजोबांना कन्नडमध्ये समजावून सांगितले, की ही नळी आत जाताना बारीक असते आणि "बिसि आदरे अरळतैति". ऊब लागली की उमलते, असा त्याचा अर्थ. वाक्य अगदी बरोबर होते. पण आजोबांनी त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला आणि बंबातल्या कढत पाण्याने स्नान करण्याचा साठ वर्षांचा नेम मोडून ते कोमट पाण्याचे दोन तांबे अंगावर घेऊ लागले. विचारले तर म्हणाले, "अरे, तापलं की उमलतंय म्हणे ते. उमलून उमलून शीर फुटली तर?"

घरातल्या सर्वांनी "काही होत नाही हो" असे सांगून पाहिले. पण का होत नाही, हे कोणालाच सांगता येईना, आणि कारण दिल्याशिवाय आजोबा कोणाचे ऐकत नाहीत. मलाही कारण ठाऊक नव्हते. ते शोधता शोधता जे हाती लागले ते येथे देत आहे.

ती नळी निकेल आणि टायटॅनियम या दोन धातूंच्या मिश्रणाची असते. त्या मिश्रधातूस निटिनॉल म्हणतात. त्याचीच तार दात सरळ करण्यासाठीही वापरतात. माझ्या आतेबहिणीच्या दातांवरची जुनी तार तिच्या दंतवैद्यांनी बदलली, ती मी मागून घेतली. हिच्या वेष्टनावर 35 अंश असा आकडा होता, म्हणजे तोंडातील उबेला ती पूर्ण ताकदीने काम करते. महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सरांकडून तापमापी आणली, आणि स्वयंपाकघरात आईची नजर चुकवून प्रयोग केला.

भांड्यात बर्फाचे पाणी घेऊन तार त्यात बुडविली. ती शिशाच्या तारेसारखी मऊ झाली. बोटांनी तिची नागमोडी वळणे केली, ती तशीच राहिली. मग ते पाणी मंद आचेवर ठेवले. तीस अंशांच्या सुमारास तारेत चुळबुळ सुरू झाली आणि पारा चाळिशीच्या आसपास पोहोचेतो तिने आपली मूळची कमान पुन्हा धारण केली. पुन्हा बर्फात घातली, तर ती आपोआप नागमोडी झाली नाही. कमान तशीच राहिली, फक्त मऊ झाली. नंतर एक टोक चिमट्यात पकडून दुसऱ्या टोकाला दोऱ्याने चार नाणी बांधली. बर्फाच्या पाण्यात तार नाण्यांच्या भाराने खाली लवली, गरम पाण्यात तिने तीच नाणी वर उचलली. येथे माझी खात्री झाली, की हा केवळ गमतीचा खेळ नाही. उष्णतेपासून काम होत आहे. अमेरिकेत रिजवे बँक्स यांनी 1973 साली याच तत्त्वावर, एका बाजूस गरम व दुसऱ्या बाजूस थंड पाणी ठेवून, निटिनॉलच्या तारांनी फिरणारे एक चाक बनविले होते.

आता यात नवल काय, ते पाहू. लोहार लोखंड लालबुंद तापवितो, कारण तापले की ते मऊ होते. आपल्या उद्यमबागेतील कोणताही कारागीर हेच सांगेल. निटिनॉल मात्र, निदान आपल्या रोजच्या तापमानांच्या पट्ट्यात, याच्या नेमके उलट वागतो. थंडीत तो लवचीक व सोशिक, उबेत ताठ व हट्टी. तापलेल्या अवस्थेतील त्याचा ताठरपणा थंड अवस्थेच्या दुपटीहून अधिक भरतो. आणि साधे पोलाद आपल्या लांबीच्या हजारात एक-दोन भागांहून अधिक ताणले तर ते कायमचे लांबते, तेथे निटिनॉल शंभरात आठ भागांपर्यंतचा ताण पचवून पूर्ववत होतो.

या गुणाचा शोध कानाने लागला, ही मला सर्वांत आवडलेली हकीकत. अमेरिकेच्या मेरीलँड प्रांतात व्हाइट ओक येथे आरमाराची एक प्रयोगशाळा होती, नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी. तेथे विल्यम ब्यूलर हे धातुशास्त्रज्ञ क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधीत होते. 1959 साली त्यांनी निकेल-टायटॅनियमच्या काही कांबी ओतल्या. एक निवालेली कांब सिमेंटच्या जमिनीवर टाकली, तर लाकूड आपटावे तसा बद्द आवाज आला. आत तडा गेला असावा असे वाटून त्यांनी अजून ऊन असलेल्या कांबी टाकून पाहिल्या. त्या देवळातल्या घंटेसारख्या खणखणल्या! तेव्हा त्यांनी एक ऊन कांब पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली धरून थंड केली. ती बद्द झाली. उकळत्या पाण्यात घातली, पुन्हा घंटा. तडा वगैरे काही नव्हता. थंड धातू आघात आतल्या आत जिरवीत होता आणि ऊन धातू तो परतवीत होता. निकेलमधील 'नि', टायटॅनियममधील 'टि' आणि प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांचे 'नॉल' मिळून या धातूचे नाव झाले.

आकार परत येतो हे ध्यानात आले ते पुढे एका बैठकीत. पेटीच्या भात्यासारखी घड्या घातलेली पट्टी अधिकाऱ्यांत हातोहात फिरत होती. हा धातू कितीही वाकविला तरी तुटत नाही, एवढेच त्यांना दाखवायचे होते. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्याने सहज आपल्या चिलमीचा लायटर पट्टीजवळ धरला, आणि ती सर्वांसमक्ष ताणून सरळ झाली. 1962 मध्ये फ्रेडरिक वांग त्या प्रयोगशाळेत आले व त्यांनी धातूच्या अंतरंगात काय घडते त्याचा छडा लावण्याचे काम हाती घेतले. न्यायाने सांगायचे तर असा गुण सोने-कॅडमियमच्या मिश्रणात 1951 सालीच चँग आणि रीड यांनी नोंदविला होता. पण सोन्याचे सामान कोण वापरणार!

अंतरंगातील रचना मला समजली ती पुस्तकांच्या फळीवरून. धातूचे अणू कवायतीतल्या मुलांसारखे ओळीने उभे असतात. निटिनॉलमध्ये या ओळींच्या दोन तऱ्हा संभवतात. ऊन असताना अणू चौकोनी ठोकळ्यांच्या, म्हणजे घनाच्या रचनेत असतात. तिला ऑस्टेनाइट म्हणतात, आणि हे नाव इंग्रज धातुविद रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्यावरून आले. थंड होताच तो घन एका अंगाला कलतो. ही झाली मार्टेन्साइट रचना, जर्मन धातुविद आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावाची. कोणताही अणू आपला शेजारी सोडून दूर जात नाही. सगळे मिळून जागच्या जागी किंचित सरकतात, एवढेच.

आता फळीवर जाडजूड खतावण्या उभ्या आहेत असे समजा. सरळ उभ्या, तेव्हा ऑस्टेनाइट. आधार सैल झाला की त्या कलतात, पण निम्म्या डावीकडे, निम्म्या उजवीकडे, एकमेकींना टेकून. त्यामुळे फळीवरील एकूण जागा जवळपास तेवढीच राहते. म्हणूनच धातू नुसता थंड केला तर बाहेरून त्याचा आकार बदललेला दिसत नाही. निटिनॉलमध्ये कलण्याच्या दिशा दोन नसून बारा असतात. बाहेरून जोर लावला की ज्यांचा कल त्या जोराला सोयीचा असतो त्या खतावण्या इतरांनाही आपल्या बाजूला ओढतात, सगळ्याच एका अंगाला कलतात आणि आकार बदलतो. साध्या लोखंडात आकार बदलतो तेव्हा अणूंच्या ओळी घसरून नवे शेजारी पत्करतात. त्यांना परतीची वाट उरत नाही. येथे शेजार मोडलेलाच नसतो. म्हणून पुन्हा ऊब मिळाली की प्रत्येक खतावणी, कोणत्याही अंगाला कललेली असो, उभी राहते.

यावरून मला वाटते की 'आठवण' हा शब्द या धातूला जरा जास्तच होतो. आमच्या कन्नड विभागातील मित्राशी यावर माझा वाद झाला. तो म्हणतो, नेनपु म्हटले म्हणून काय बिघडले, लोकांना चटकन कळते. माझे म्हणणे असे, की आठवणाऱ्याला अनेक गोष्टींतून एक निवडावी लागते. या धातूला निवड नसतेच. कलण्याच्या वाटा बारा, पण उभे राहण्याची एकच. घरी जाणारा एकच रस्ता असेल तर तो माणसाने लक्षात ठेवला असे आपण म्हणत नाही. असो. जगभर ते नाव रूढ झाले आहे आणि माझ्या आक्षेपाने ते बदलणार नाही.

एक गोष्ट मात्र या वादात राहून जाऊ नये. तो 'उभा' आकार कारखान्यात ठरतो. धातू हव्या त्या आकारात घट्ट बांधून सुमारे 500 अंशांवर काही मिनिटे ठेवतात आणि झटकन थंड करतात. पुढे तो जन्मभर त्याच आकाराकडे परततो. बंबातले पाणी फार तर पन्नास-साठ अंशांचे. तो आकार त्याने पुसला जाणे शक्य नाही.

खरा पाठ येथून पुढे आहे. बदल एका विशिष्ट अंशावर झटकन होत नाही. थंड होताना मार्टेन्साइट एका तापमानास सुरू होतो, दुसऱ्यास पुरा होतो. तापताना ऑस्टेनाइट तिसऱ्यास सुरू, चौथ्यास पुरा. आणि जाण्यायेण्याच्या वाटा एक नाहीत. निटिनॉलमध्ये परतीचा प्रवास सर्वसाधारणपणे वीस ते चाळीस अंश वरून होतो. या मागे रेंगाळण्यास इंग्रजीत हिस्टेरेसिस म्हणतात. वाणिज्यवाल्याच्या भाषेत, मालाची खरेदी एका भावाने आणि विक्री दुसऱ्या भावाने होते, मधला फरक दलालीत जातो. ही दलाली म्हणजे उष्णतेच्या रूपाने वाया गेलेली ऊर्जा. ब्यूलर यांच्या थंड कांबीचा बद्द आवाज हेही असेच जिरणे होते. कललेल्या पट्ट्यांच्या सीमा आघाताने मागेपुढे सरकतात आणि आवाजाची ऊर्जा गिळतात.

तापमानाप्रमाणेच जोरानेही मार्टेन्साइट घडविता येतो. हे समजण्यास प्रेशर कुकर आठवावा. दाब वाढला की पाणी 100 अंशांवर उकळत नाही, त्यास अधिक उष्णता लागते. वाफेविषयीचे हे समीकरण क्लापेरॉन या फ्रेंच अभियंत्याने 1834 साली मांडले व पुढे क्लाउझियस यांनी पक्के केले. तेच समीकरण या तारेलाही लागू पडते, हे वाचून मी थक्क झालो. धातू जितका ऊन, तितका त्यास कलविण्यासाठी जोर जास्त. निटिनॉलमध्ये दर अंशामागे सुमारे 6 ते 7 मेगापास्कल, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेला दर अंशास सुमारे 600 ते 700 ग्रॅम अधिक भार टांगावा लागतो.

म्हणजे एकच तार तीन स्वभाव दाखविते. खूप थंड असताना चौरस मिलिमीटरमागे 7 ते 14 किलोंत ती शरण येते, वाकलेली राहते आणि ऊब मिळाल्यावरच सरळ होते. ऑस्टेनाइट पुरा होण्याच्या तापमानाच्या थोडे वर असताना ती 40-50 किलोंना लवते, पण भार काढताक्षणी रबरासारखी परत येते, कारण त्या उबेत मार्टेन्साइट जोराशिवाय टिकूच शकत नाही. यास अतिस्थितिस्थापकता म्हणतात. याहून बरीच तापविली तर कलण्यास लागणारा जोर इतका वाढतो, की त्याआधी अणूंच्या ओळीच घसरू लागतात. मग ती इतर कोणत्याही तारेप्रमाणे कायमची वाकते, सारी जादू संपते. रबरासारखे वागण्याचा पट्टा मर्यादितच असतो, आणि या धातूच्या व्यवहारातील सगळी कसरत तो पट्टा नेमका हव्या तापमानावर बसविण्याची आहे.

ही कसरत महाग पडते. निकेलचे प्रमाण शंभर अणूंत एक दशांश अणूइतके चुकले तरी बदलाचे तापमान सुमारे दहा अंशांनी सरकते. तापलेला टायटॅनियम हवेतील प्राणवायूही सोडीत नाही, म्हणून हे मिश्रण निर्वात भट्टीत वितळवावे लागते. धातूच्या भावापेक्षा या अचूकतेचा भावच जास्त, असे माझे अनुमान आहे. अर्थात ते वाणिज्यवाल्याचे.

उपयोग पुष्कळ आहेत, दोनच सांगतो. अमेरिकेच्या एफ-14 विमानांतील तेलाच्या नळ्या जोडण्यासाठी नळीपेक्षा किंचित अरुंद अशी निटिनॉलची कडी बनवीत. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, ताणून रुंद करीत आणि नळ्यांवर सरकवून सोडून देत. नेहमीच्या हवेत येताच ती आवळून बसे, डाग द्यावा लागत नसे. आणि 1997 साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीवर धुळीच्या प्रयोगासाठी एक काचेचे झाकण होते, ते हलविण्याचे काम निटिनॉलची तार करीत असे.

आता आजोबांच्या नळीकडे वळतो. तिचा ऑस्टेनाइट पुरा होण्याचा अंश शरीराच्या तापमानाखाली ठेवलेला असतो. थंड करून, दाबून ती सुमारे 2 मिलिमीटर जाडीच्या आवरणात भरतात. रक्तवाहिनीत आवरण मागे ओढले की ती उघडते, भिंतीला टेकते आणि थांबते. तिचा स्वतःचा आकार वाहिनीहून थोडाच मोठा केलेला असतो, त्यापलीकडे ती कितीही तापली तरी जाऊ शकत नाही. फूल उमलते, पण पाकळ्या संपल्यावर आणखी काय उमलणार?

शिवाय मघाची दलाली येथे कामास येते. परतताना तारेचा जोर कमी असतो, म्हणून ती भिंतीस हळुवार रेटते. पण बाहेरून कोणी चेपू पाहील तर तिला चढ्या भावाने तोंड द्यावे लागते. हळुवार रेटा आणि कणखर प्रतिकार एकाच तारेत, हे पोलादात साधत नाही.

राहिला आंघोळीचा प्रश्न. कढत पाण्याने कातडी तापते, आतले रक्त फारसे तापत नाही. तरीही मी सर्वांत वाईट हिशेब धरला. आजोबांना 40 अंश ताप भरला, म्हणजे नेहमीपेक्षा तीन अंश जास्त. तीन गुणिले साडेसहाशे ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन किलो. मूळच्या 40-45 किलोंत दोन किलोंची भर. शेकडा पाच. नळी तेवढी अधिक ताठ होईल, मोठी होणार नाही.

खरी काळजी करायची तर ती उष्णतेची नाही, थकव्याची करावी. नाडीचे मिनिटाला 72 ठोके धरले तर वर्षाला 3 कोटी 78 लाख होतात, आणि प्रत्येक ठोक्याला नळी इवलीशी फुगते-आक्रसते. त्यात मांडीची नळी प्रत्येक पावलाला वाकते, ते निराळेच. या नळ्या वर्षानुवर्षांच्या ठोक्यांचा हिशेब करून पारखल्या जातात, हे आजोबांना सांगितले. कोट्यवधींचा आकडा ऐकून त्यांनी फक्त हुंकार दिला.

हे सारे मी त्यांना दोन पेल्यांतील पाणी आणि ती दातांची तार घेऊन दाखविले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही विचारले. त्यांनी हसून खुशाल आंघोळ करा म्हटले. आजोबांनी दुसरी शंका काढली, "मग पौषात पहाटे पाण्यात पाय घालून शेताला पाणी सोडतो, तेव्हा मऊ पडून चेपेल का?" शंका खरोखर चांगली होती. मांडीतले रक्त थंडीतही फारसे निवत नाही आणि नळीचा अंश त्याच्याही खाली आहे, हे उत्तर मी दिले, तेव्हा कुठे त्यांनी बंब पेटवायला सांगितला.

ती तार आता त्यांच्याकडे असते, बंडीच्या खिशात, सुपारीच्या डबीत. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर ते तिची वेटोळी करतात आणि चहात बुडवून दाखवितात. तो कप मात्र त्यानंतर कोणी तोंडाला लावीत नाही.